साइट रोज ठरावीक वेळी बंद पडते: ५०२, ५०३, ५०४ चं मूळ कसं शोधायचं

सकाळी साडेआठच्या आसपास साइट उघडेनाशी होते. कुणाला ‘५०२ बॅड गेटवे’ दिसतं, कुणाकडे पान मिनिटभर नुसतं फिरत राहतं आणि मग ‘५०४ गेटवे टाइम-आउट’ येतं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं आपोआप सुरळीत होतं. आपण लॅपटॉप उघडून बघेपर्यंत साइट चालू झालेली असते, ‘आता ठीक आहे’ म्हणून विषय बाजूला पडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तालुक्याच्या बातम्या देणारी साइट, एखाद्या संस्थेची साइट, ऑनलाइन दिवाळी अंक, घरगुती व्यवसायाचं ऑर्डरचं पान, यांची मांडणी बहुतेक वेळा सारखीच असते. एक-दोन जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर, त्यावर उबंटू लिनक्स, पुढे वाचकांच्या विनंत्या घेणारा एनजिनएक्स, मागे पीएचपीचा कोड चालवणारा पीएचपी-एफपीएम, त्यामागे मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि या सगळ्यावर वर्डप्रेस. पुढचं लिखाण ही मांडणी धरून आहे. शेअर्ड होस्टिंग वापरणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

सगळ्यात आधी एक विनंती. साइट बंद असताना लगेच रिस्टार्ट मारू नका. रिस्टार्टने साइट उठते हे खरं, पण त्या क्षणी कोणती प्रोसेस अडकली होती, कोणती क्वेरी थांबून होती, रॅम कुणी व्यापली होती, हा सगळा माग पुसला जातो. उद्या पुन्हा साइट पडली की आपण जिथे होतो तिथेच असतो. वाचक फोन करत असतात तेव्हा थांबणं जिवावर येतं, तरी दोन मिनिटं काढा. ‘फ्री’ (रॅम किती मोकळी), ‘टॉप’ (कोणत्या प्रोसेस चालू) आणि मायएसक्यूएलची ‘शो फुल प्रोसेसलिस्ट’ (कोणत्या क्वेरी चालू), या तीन कमांडचं आउटपुट एका फाइलमध्ये साठवा आणि मग खुशाल रिस्टार्ट करा. पुढचं बहुतेक काम ती फाइल करते.

पडद्यावरचा आकडा आणि लॉगमधला आकडा

‘साइट डाउन आहे’ एवढ्या निरोपावर काम करता येत नाही. सांगणाऱ्याकडून स्क्रीनशॉट मागवा, कारण पाचशेच्या घरातला प्रत्येक आकडा वेगळ्या ठिकाणी बोट दाखवतो. ५०० आला तर पीएचपीचा कोड स्वतःच कोसळलाय: एखादा प्लगइन, थीममधली चूक, पीएचपीची आवृत्ती बदलल्यावर न चालणारं जुनं फंक्शन. वर्डप्रेसचं ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ हे पानही ५०० म्हणूनच बाहेर पडतं. ५०२ म्हणजे एनजिनएक्स जिवंत आहे, पण मागच्या पीएचपी-एफपीएमने काम घेतलंच नाही किंवा अर्ध्यात टाकलं. ५०४ म्हणजे काम घेतलं, पण उत्तर वेळेत आलं नाही. एनजिनएक्स पीएचपीच्या उत्तरासाठी मुळात ६० सेकंद थांबतो, त्यामुळे घड्याळ लावून बघितलं आणि पान बरोबर साठाव्या सेकंदाला पडलं, तर संशयाला जागाच नाही. ५०३ बहुतेकदा कुणीतरी मुद्दाम दिलेलं असतं: वर्डप्रेस अपडेट चालू आहे, एनजिनएक्समध्ये विनंत्यांवर मर्यादा घातलीय, किंवा विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्या लोड बॅलन्सरला मागे एकही धडधाकट सर्व्हर सापडत नाही.

साइट क्लाउडफ्लेअरच्या (वाचक आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसणारी सेवा) मागे असेल तर ५२१ आणि ५२२ हेही दिसतात. ५२१ म्हणजे तुमच्या सर्व्हरने जोडणी नाकारली, ५२२ म्हणजे जोडणी वेळेत झालीच नाही. या दोन्हींत वर्डप्रेसकडे बघण्याआधी फायरवॉल बघा. एखादा सुरक्षा प्लगइन किंवा संशयास्पद पत्ते आपोआप अडवणारा फेल-टू-बॅन हा प्रोग्रॅम क्लाउडफ्लेअरच्याच आयपींना हल्लेखोर समजून अडवतो, असं बऱ्याचदा निघतं.

५०२ आणि ५०४ च्या बाबतीत एनजिनएक्सचा एरर लॉग, म्हणजे बिघाडांच्या नोंदींची फाइल, उघडा. त्या वेळेच्या ओळींमध्ये कंसात एक छोटा आकडा असतो आणि निम्मं निदान तिथेच होतं. २ असेल तर सॉकेटची (एनजिनएक्स आणि एफपीएम जिच्यातून बोलतात ती) फाइलच जागेवर नाही, म्हणजे एफपीएम बंद आहे किंवा पीएचपी अपडेट झाल्यावर सॉकेटचं नाव बदललंय. १११ असेल तर पलीकडे ऐकायला कुणी नाही. ११ असेल तर एफपीएम चालू आहे, पण रांग इतकी भरलीय की नवीन विनंतीला उभं राहायलाही जागा नाही. ११० असेल तर रांगेत जागा मिळाली, पण उत्तर आलं नाही. पहिले दोन आकडे एकदाच्या बिघाडाचे असतात. रोज ठरावीक वेळी पडणाऱ्या साइटवर बहुतेक वेळा ११ आणि ११० यांची जोडी दिसते.

सर्व्हरचं घड्याळ

पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडात मी सगळ्यात जास्त भरवसा ठेवतो तो वेळेवर. वाचकांची गर्दी रोज मिनिटाच्या हिशेबाने येत नाही. साइट रोज त्याच मिनिटाला पडत असेल, तर ते मशीनने नेमून दिलेलं काम आहे.

भाड्याचे बहुतेक सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपलं घड्याळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. बॅकअप रात्री तीनला व्हावा म्हणून क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, ३ लिहिलं, तर तो भारतात सकाळी साडेआठला सुरू होतो. गाव चहा घेत बातम्या वाचत असतं, नेमकी तीच वेळ. लॉगमध्येही ०३:०० अशीच नोंद दिसते आणि बघणारा म्हणतो, ‘बॅकअप रात्रीच होतोय, त्याचा काही संबंध नाही.’

हा घोळ लवकर लक्षात येत नाही, कारण वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये कोलकाता हा टाइमझोन निवडलेला असतो आणि लेखांखालच्या वेळा बरोबर दिसतात. पण ती सेटिंग फक्त वर्डप्रेसपुरती आहे. सर्व्हरचं घड्याळ त्याने हलत नाही.

यूटीसीवर चालणाऱ्या उबंटूच्या स्वतःच्या कामांच्याही वेळा ठरलेल्या आहेत. लॉग फिरवण्याचं काम मध्यरात्री होतं, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. रोजची क्रॉनची कामं मुळात ६:२५ ला लागतात, म्हणजे आपल्याकडे ११:५५. सुरक्षा अपडेट आपोआप बसवणारा टायमर सहा ते सात या तासात कधीतरी चालतो, म्हणजे आपल्या साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान. त्या अपडेटमध्ये मायएसक्यूएल किंवा पीएचपी असेल तर ती सेवा भर दुपारी रिस्टार्ट होते. साइट अधूनमधून, पण नेहमी बाराच्या आगेमागेच काही सेकंदांसाठी जात असेल, तर आधी अपडेटचा लॉग वाचा.

‘टाइमडेटसीटीएल’ने टाइमझोन बदलता येतो. वाचक मुख्यतः महाराष्ट्रातले असतील आणि सर्व्हर एकच असेल, तर मी सरळ कोलकाता लावतो. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करण्याची भानगड नाही, त्यामुळे त्यात धोका नाही. बदल केल्यावर क्रॉनची सेवा रिस्टार्ट करायला विसरू नका, नाहीतर ती जुन्याच वेळेवर चालत राहते. दिवाळी अंकाची साइट असेल तर एक जास्तीचा विचार करा: आपल्या पहाटे तीनला न्यूयॉर्क-न्यू जर्सीत दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळ असते आणि तिकडचे मराठी वाचक त्याच वेळी अंक उघडतात. गर्दी कमी असण्याची वेळ ॲक्सेस लॉगमध्ये (प्रत्येक विनंतीच्या नोंदीची फाइल) बघून ठरवा, अंदाजाने ठरवू नका.

बॅकअपच्या वेळी आत काय चाललेलं असतं

मी सांभाळतो त्या साइट्सपैकी एका तालुका-बातम्यांच्या साइटवर हाच प्रकार होता. प्रोसेसलिस्ट साठवून वाचली तेव्हा पन्नासेक ओळींपुढे ‘वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक’ लिहिलेलं होतं. सगळ्या ओळी ‘अपडेट डब्ल्यूपी पोस्टमेटा’ने सुरू होणाऱ्या. त्यांच्यात एकच ओळ थांबलेली नव्हती. ती ‘सिलेक्ट’ने सुरू होत होती आणि पुढे कॉमेंटमध्ये ४०००१ हा आकडा व ‘एसक्यूएल नो कॅश’ असं होतं. ही खूण लक्षात ठेवा. मायएसक्यूएलडम्प या डेटाबेसचा बॅकअप घेणाऱ्या कमांडची क्वेरी अशीच दिसते.

मायएसक्यूएलडम्पला काही वेगळं सांगितलं नाही, तर तो बॅकअप पूर्ण होईपर्यंत डेटाबेसमधल्या टेबलांना लॉक लावून ठेवतो. वाचायला परवानगी असते, लिहायला नसते. वरवर यात काळजीचं काही नाही, कारण बातम्यांच्या साइटवर लोक वाचायलाच येतात. पण त्या साइटवर प्रत्येक बातमीखाली ‘किती जणांनी वाचली’ हा आकडा होता. म्हणजे प्रत्येक वाचन डेटाबेसमध्ये एक नोंद लिहीत होतं आणि ते लिहिणं लॉक सुटण्याची वाट बघत थांबत होतं. ते थांबलं की त्या वाचकासाठी काम करणारा पीएचपीचा वर्करही थांबला. वर्कर होते पाच. सकाळी साडेआठला पाच वाचक यायला किती वेळ लागतो?

पुढचं सगळं आपोआप घडतं. पहिले पाच अडकतात, त्यांच्यामागे रांग लागते, साठ सेकंद झाले की एकेकाला ५०४ मिळतं. रांग भरली की नव्याने येणाऱ्याला लगेच ५०२. एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे एरर का दिसतात, याचं कोडं इथे सुटतं. बॅकअप संपतो, लॉक सुटतो, पाच-दहा सेकंदांत रांग रिकामी होते आणि बघणाऱ्याला सगळं ठणठणीत दिसतं.

यावर उपाय तीन आहेत आणि तिन्ही करावेत. टेबलं इनोडीबी या साठवणुकीच्या इंजिनमध्ये आहेत का बघा. मायएसक्यूएलच्या ५.५ आवृत्तीपासून तेच मूळ इंजिन आहे, पण जुन्या साइटवर त्याआधीची मायआयसॅम टेबलं तशीच राहिलेली सापडतात. मायआयसॅममध्ये तर थांबलेलं एक लिखाण मागच्या वाचनांनाही अडवतं, म्हणून ती बदलून घ्या. बदलण्याआधी एक बॅकअप हातात ठेवा. सगळी टेबलं इनोडीबी झाली की मायएसक्यूएलडम्पला ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय द्या. मग तो टेबलांना लॉक न लावता एका क्षणाचं सुसंगत चित्र उतरवून घेतो आणि लिहिणाऱ्यांना अडवत नाही. त्या वेळात टेबलांची रचना बदलणारं काही चालवू नका, एवढं पथ्य. तिसरं म्हणजे वाचकसंख्येची नोंद प्रत्येक वेळी डेटाबेसमध्ये करणारा प्लगइन काढून टाका. तो आकडा दाखवायची हौस मी समजू शकतो, जाहिरातदारांना तो लागतो. पण तोच आकडा ॲनालिटिक्समध्ये मिळतो आणि तिथे तो वाचकाला खोळंबून ठेवत नाही.

बॅकअपची फाइल त्याच डिस्कवर साठत जात असेल तर तीही हलवा. डिस्क भरली की मायएसक्यूएल लिहू शकत नाही आणि साइट पुन्हा पडते, या वेळी कायमची. शिवाय मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग मुळातच चालू असतो आणि तीस दिवस ठेवला जातो; छोट्या डिस्कवर तोच बरीच जागा खातो. ‘डीएफ’ कमांडने जागा आणि आयनोड (डिस्कवर किती फाइली मावतात तो आकडा) दोन्ही तपासा. जागा शिल्लक दिसते पण आयनोड संपलेत, असं कॅशच्या लाखो बारीक फाइलींमुळे होतं.

वर्कर किती ठेवायचे

एफपीएमच्या लॉगमध्ये ‘सर्व्हर रीच्ड पीएम डॉट मॅक्स चिल्ड्रन सेटिंग, कन्सिडर रेझिंग इट’ अशी ओळ सापडते आणि माणूस ५ चे ५० करून मोकळा होतो. कृपया असं करू नका. हे वर्कर म्हणजे एसटी स्टँडवरच्या आरक्षणाच्या खिडक्या. खिडक्या वाढवल्याने रांग हलते, पण आतल्या माणसांना बसायला जागा हवी. इथली जागा म्हणजे रॅम.

हिशोब सोपा आहे. दोन जीबी म्हणजे २०४८ एमबी. त्यातले मायएसक्यूएलला ५०० आणि बाकी सिस्टीमला ३०० सोडले तर राहिले १२४८. ‘पीएस’ने एका पीएचपी प्रोसेसची मेमरी बघा. बरेच प्लगइन असलेल्या वर्डप्रेसवर ती ७० एमबीच्या आसपास दिसली असं धरू. १२४८ ला ७० ने भागलं की १७ येतात. मी १५ ठेवेन. ‘पीएस’चा आकडा थोडा फुगलेला असतो, कारण सगळ्यांमध्ये सामायिक असलेली मेमरी तो प्रत्येकात पुन्हा मोजतो, पण ही चूक आपल्या सोयीची आहे.

पन्नास ठेवले तर गर्दीच्या वेळी रॅम संपते आणि लिनक्सचा ओओएम किलर जागा होतो. तो बहुतेकदा सगळ्यात मोठी प्रोसेस मारतो आणि अशा सर्व्हरवर ती मायएसक्यूएल असते. मग ५०२ च्या जागी डेटाबेस जोडणीचा एरर दिसू लागतो. सिस्टीमडी मायएसक्यूएलला पुन्हा उठवतं, काही सेकंदांत साइट परत येते, आणि मूळ कारण आणखी एक पायरी आत जातं. कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ शोधा. ती ओळ सापडली तर वर्कर कमी करा, आणि स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) नसेल तर एक-दोन जीबीचा द्या.

वर्कर वाढवण्यापेक्षा प्रत्येक पानाचा वेळ कमी करणं कैक पटीने फायद्याचं. एक पान ०.४ सेकंदात बनत असेल तर पाच वर्कर सेकंदाला बारा पानं देतात. तेच पान एखाद्या जड क्वेरीमुळे ४ सेकंद घेऊ लागलं, तर तेच पाच वर्कर सेकंदाला जेमतेम एक पान देतात. एफपीएमचा स्लो लॉग चालू करा आणि मर्यादा ५ सेकंद ठेवा. कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर काम अडकलं, ते तो नेमकं लिहून देतो. बाहेरच्या एखाद्या एपीआयची वाट बघणारा प्लगइन हमखास इथे सापडतो.

बॉट, क्रॉन आणि निकालाचा दिवस

वेळ ठरावीक नसेल तर ॲक्सेस लॉगमधून त्या दहा मिनिटांच्या ओळी काढा आणि आयपीनुसार मोजा. एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या ॲपना वर्डप्रेसशी बोलू देणारी जुनी सोय) आणि लॉगिनच्या पानावर एकाच पत्त्यावरून शेकडो विनंत्या दिसल्या तर तो पासवर्ड ओळखू बघणारा बॉट आहे. एक्सएमएल-आरपीसी वापरत नसाल तर एनजिनएक्समध्येच बंद करा. प्लगइनने बंद केलं तर तोवर पीएचपीचा वर्कर खर्ची पडलेला असतो.

वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन वाचकांच्या भेटीवर चालतो, म्हणजे कामाचा भार नेमका गर्दीच्या वेळी येतो. ‘डिसेबल डब्ल्यूपी क्रॉन’ ही ओळ कॉन्फिगमध्ये टाका आणि सर्व्हरच्या क्रॉनमधून दर पाच मिनिटांनी तो चालवा.

अपडेट अर्ध्यात तुटलं की वर्डप्रेसच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘डॉट मेंटेनन्स’ नावाची फाइल राहून जाते आणि साइट ५०३ देत बसते. ती फाइल काढून टाकली की झालं. दहा मिनिटांनंतर वर्डप्रेस स्वतःही तिच्याकडे दुर्लक्ष करतं.

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला छोट्या बातमी-साइटवर होणारी गर्दी मात्र खरी असते. तिथे वर्करचा हिशोब कितीही नीट केला तरी पुरत नाही. एनजिनएक्सचा फास्टसीजीआय कॅश एका मिनिटासाठी जरी लावला, तरी एका पानासाठी मिनिटाला एकदाच पीएचपी चालतं आणि बाकी हजारो वाचकांना तयार पान मिळतं. त्यासोबत ‘यूज स्टेल’ हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे मागची बाजू पडली तरी वाचकाला एररच्या जागी थोडं जुनं पान दिसतं. लॉगिन केलेल्या लोकांना कॅशमधून वगळायला विसरू नका, नाहीतर संपादकाचं पान वाचकाला दिसेल. ही तयारी निकालाच्या आदल्या आठवड्यात करा.

साइट काही तास मुद्दाम बंद ठेवायची असेल तर ५०३ द्या आणि सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर पाठवा. ‘काम चालू आहे’ असं पान २०० या आकड्याने दिलं, तर गूगल तेच तुमचं खरं पान समजतं. ५०३ बघून तो नंतर परत येतो. मात्र असेच एरर अनेक दिवस देत राहिलात तर पानं शोधातून गळू लागतात.

साइटवर नजर ठेवायला एखादी अपटाइम सेवा लावली असेल तर ती मुखपृष्ठावर लावू नका. मुखपृष्ठ कॅशमधून येतं आणि मागे डेटाबेस मेलेला असतानाही ‘सगळं ठीक’ म्हणून सांगतं. शोधाच्या पानासारखं डेटाबेसला हात लावणारं आणि कॅशमध्ये नसलेलं पान निवडा.

शेअर्ड होस्टिंग असेल तर

इथे लॉग आणि सेटिंग बहुतांशी तुमच्या हातात नसतात, पण सीपॅनलमध्ये ‘रिसोर्स यूसेज’ नावाचं पान असतं. त्यात ‘एंट्री प्रोसेसेस’चा, म्हणजे एकाच वेळी चालू असलेल्या विनंत्यांचा, आलेख साइट पडण्याच्या वेळी मर्यादेला टेकलेला दिसला, किंवा ‘५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ असं पान आलं, तर तुमच्या प्लॅनची हद्द संपली आहे. कॅश प्लगइन लावून आणि क्रॉन वेगळा करून आधी बघा, मग मोठा प्लॅन घ्या. आलेख निवांत आहे आणि तरीही साइट पडते, तर शेजारच्या एखाद्या साइटमुळे किंवा सर्व्हरमुळेच ते होतंय आणि ते होस्टिंगवाल्यांनीच बघायला हवं.

तेव्हा तिकिटात ‘साइट सारखी बंद पडते’ असं लिहू नका, त्यावर ‘आमच्याकडे चालू दिसते’ हेच उत्तर येणार. असं लिहा: ‘सोमवार ते गुरुवार रोज सकाळी ८:३० ते ८:५० भारतीय वेळ, म्हणजे यूटीसी ०३:०० ते ०३:२०, या पत्त्यावर ५०४ येतं. स्क्रीनशॉट आणि एंट्री प्रोसेसेसचा त्याच वेळेचा आलेख जोडलाय. या वेळेत सर्व्हरवर कोणता बॅकअप किंवा क्रॉन चालतो ते कळवा आणि त्याची वेळ बदलून द्या.’ क्लाउडफ्लेअर असेल तर एररच्या पानावर तळाशी असलेला रे आयडीही तिकिटात टाका.